थांबली की धर

मी टकळी बोलतेय. इकडे तिकडे काय बघताय, खाली बघा. जिन्याच्या तळाशी, पायपुसण्याच्या बाजूला. हां, तीच मी. जरा जपून पाय टाका. माझ्यावरून घसरलात तर शिव्या मलाच बसायच्या.

आणि उचलू नका. मला न्यायला वरून माणूस निघालंय. तिसऱ्या मजल्यावरून यायचंय, गुडघे कुरकुरतात, कठडा धरून एकेक पायरी उतरतेय बिचारी. ऐकू येतोय ना चपलेचा फटफट आवाज? मध्येच थांबतो तेव्हा ती दम खाते. तोवर बसा त्या पायरीवर. मी बोलते. नाहीतरी टकळीला गप्प बसायला कधी जमलंय?

टकळी बघितली नसेल तर सांगते. एक काडी, खालच्या टोकाला चकती, वरच्या टोकाला खाच. खाचेत धागा अडकवायचा, बोटांनी गिरकी द्यायची आणि हवेत सोडून द्यायचं. मी फिरते, वरच्या लोकरीला पीळ बसतो, लोकरीचा धागा होतो. भोवऱ्याची गरीब बहीण समजा.

खरं सांगू का, मी जन्माची टकळी नाही. माझी काडी एका मोडक्या खुर्चीच्या पाठीतली, आणि चकती म्हणजे कपाटाच्या खणाची मूठ. माझ्या म्हातारीचा नवरा सुतार. तेव्हा ती काही म्हातारी नव्हती, नवी नवरी होती, पण मी तिला पहिल्यापासून म्हातारीच म्हणते. तेवढी चेष्टा चालते आमच्यात. तो रंधा मारायला बसला की ही शेजारी बसून बोलत राहायची. बोलणं कसलं, धबधबा. एक दिवस त्याने उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवलं आणि तिच्या हातात दिलं.

"घे. तोंडाला जरा विसावा मिळेल."

"अहो, हात चालले म्हणून तोंड कशाला थांबेल?"

आणि नाहीच थांबलं. बिचाऱ्याचा एक रंधा काही मनासारखा बसला नाही.

म्हातारीने मला कुठे कुठे फिरवलं म्हणून सांगू. बाजारात मेंढ्या राखणारी बाई यायची, तिच्याकडून लोकर आणायची. कोमट पाण्यात धुवायची, गॅलरीत वाळवायची, त्यातली कुसळं काढत बोटांनी पिंजायची. मग एक पुंजका मनगटाला गुंडाळला की निघाली. दूध तापत ठेवलंय, कात. दवाखान्यात नंबर लागायचाय, कात. दूध कितीदा उतू गेलं आणि नंबर कितीदा हुकला, ते विचारू नका. कंपाउंडर ओरडायचा, "मावशी, चला ना आत," आणि ही म्हणायची, "थांब रे, एवढा हात होऊ दे. डॉक्टर कुठे पळून चाललेत?"

पण तिची आवडती जागा म्हणजे हाच जिना. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला पोट टेकवून उभी राहायची आणि मला जिन्याच्या पोकळीतून खाली सोडायची. धागा लांब लांब होत जायचा, मी गरागरा फिरत खाली खाली यायचे. काय मजा असायची. पहिल्या मजल्यावर एक मास्तर राहायचे, डोक्यावर औषधाला केस नाही. ते शिकवणीला निघाले की म्हातारी बरोबर नेम धरायची. टक.

"मावशी, तुमची ही टकळी एक दिवस माझा जीव घेणार."

"घाबरू नका मास्तर, तिला आधार लागला होता म्हणून टेकली जराशी."

अशीच एकदा धागा तुटून मी थेट खाली आले आणि माझा शेंडा मोडला. सुताराने मोडलेलं टोक तासून नवी खाच पाडली. तेव्हापासून मी बुटकी. मुठीत मावते. पुढे सुतार गेला. एका हिवाळ्यात छाती भरली आणि गेला. म्हातारीने त्याचा स्वेटर उसवला, लोकर वाफेवर सरळ केली आणि त्याच लोकरीत आपल्या एकुलत्या एका लेकीसाठी झबलं विणलं. रडली, पण विणता विणता. टाका काही सुटू दिला नाही.

आता लेकीबद्दल सांगते. वरून उतरतेय ना, तीच.

लहानपणी तिला विणायला बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. दोन टाके घातले की तहान लागायची, चार टाके घातले की शू लागायची. म्हातारीने डोकं चालवलं. लोकरीचा गोळा गुंडाळताना मधोमध एक पेपरमिंट ठेवलं आणि वरून लोकर गुंडाळत गेली.

"ह्याच्या पोटात गंमत आहे. विणत विणत संपव, निघेल ती तुझी."

पोरगी अशी विणायला लागली की जेवायला उठेना. कधी पेपरमिंट निघायचं, कधी काचेची गोटी, कधी शिट्टी, कधी तिचाच पडलेला दात. मायलेकींचा खेळच झाला तो. म्हातारी कातायची, लेक विणायची, आणि गोळा संपत आला की दोघींचे डोळे चमकायचे.

एकदा मात्र पोरीला धीर निघाला नाही. आई बाजारात गेलेली बघून तिने सगळा गोळा हाताने उलगडला. खोलीभर लोकर, खुर्चीच्या पायात लोकर, गळ्यात लोकर, आणि आत निघाला कांदा. तेवढ्यात म्हातारी दारात.

"काय निघालं गं?"

"कांदा."

"निघणारच. हाताने उलगडलं की कांदाच निघतो. विणला असतास तर लिमलेटची गोळी निघाली असती."

"खोटं बोलतेस."

"असेल बाई. आता ते तुला कधीच कळणार नाही."

मला माहीत होतं. त्या लबाड बाईने मुद्दाम दोन गोळे केले होते. कांद्याचा समोर ठेवला होता आणि लिमलेटचा पिठाच्या डब्यामागे. लेकीला अजून पत्ता नाही. पण तेव्हापासून तिने एकही गोळा हाताने उलगडला नाही. मोठी झाली, केस पिकले, तरी नाही. त्या कांद्याने रडवायला किती वर्षं घेतली, ते ऐका आता.

लेकीला बसच्या मोठ्या स्टँडवर नोकरी लागली, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, टोप्या, एकेक हातमोजा, सगळं तिच्याकडे जमा. लोकांच्याही तऱ्हा असतात. चांगली छत्री हरवली तर विचारायला येत नाहीत आणि मोडक्या डब्याचं झाकण शोधायला दोनदा येतात. मधल्या वेळात ती विणायची. कुणी न्यायला न आलेल्या एकट्या हातमोज्याला जोडीदार विणून द्यायची आणि थंडीत कुडकुडत आलेल्या एखाद्या ड्रायव्हरच्या हातात कोंबायची. दोन मोजे दोन रंगांचे. कुणाची तक्रार आली नाही.

नोकरी लागली त्या आठवड्यातल्या गोळ्यात घराची किल्ली निघाली. "आता उशीर झाला तर दार वाजवू नकोस. माझी झोप मोडते," म्हातारी म्हणाली. आणि रोज लेक येईपर्यंत दाराशीच बसून राहायची, मला फिरवत.

लग्नाच्या भानगडीत लेक पडली नाही. दोघींचं बरं चाललं होतं. फक्त एका गोष्टीवरून टोलवाटोलवी चालायची.

"अगं टवळे, कातायला शीक. विणण्याचं काय, ते कुणालाही येतं."

"तू आहेस ना कातायला."

"मी काय अमरपट्टा बांधून आलेय?"

"पुढच्या सुट्टीत शिकते. शप्पथ."

म्हातारी मला तिच्या नाकासमोर फिरवायची. "हे बघ. फिरते, फिरते, मग जरा थांबते. थांबली की धर. नाही धरलंस तर उलटी फिरायला लागते, दिलेला पीळ सुटतो आणि धागा तुटतो. एवढं एकच शिकायचंय. बाकी सगळं हाताला आपोआप येतं." लेक मान डोलवायची आणि टाके मोजत राहायची. ऐकलं कुणी होतं?

मग म्हातारीचे हात थरथरायला लागले. धागा कुठे जाड, कुठे बारीक यायला लागला. मला कळत होतं. ज्या बोटांतून इतकी वर्षं फिरले, ती बोटं मला कळणार नाहीत तर कुणाला? एका दुपारी तिने राखाडी लोकरीचा शेवटचा पुंजका कातून संपवला. नेहमी धागा माझ्यावरून उतरवून गोळा करायची. त्या दिवशी उतरवला नाही. मला तसंच मधे ठेवलं आणि आधी कातलेला सगळा धागा माझ्यावरच गुंडाळायला लागली. वेडे, काय करतेस, मी गुदमरेन, असं मी म्हणत होते. ती गालातल्या गालात हसत होती.

"गप गं. आता तूच गंमत. गोळा संपला की ती लोकर मागायला येईल, तेव्हा आत तू निघशील. मग पळते कुठे बघू. हाताला धरून बसवते आणि शिकवते."

शेवटचा उजेड गेला आणि मी लोकरीच्या पोटात गेले.

संध्याकाळी लेक आली. आतून दिसत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"आई, टकळी कुठंय तुझी? आज हात रिकामे कसे?"

"हरवली बाई. तुझ्या खिडकीवर जमा झालीय का बघ."

आणि तुम्हाला सांगते, त्या खुळीने दुसऱ्या दिवशी खरंच सगळी मांडणी पालथी घातली. मी तिच्या पिशवीत, लोकरीच्या गोळ्यात. आणि ती शोधतेय छत्र्यांच्या मागे.

म्हातारीने गोळा दिला होता, "लवकर संपव हं, ह्या वेळची गंमत भारी आहे," असं बजावून. लेक म्हणाली, तुझ्यासाठीच बंडी विणते, बिनबाह्यांची, थंडीत बरी पडेल. टाके घातले. पण खिडकीवर गर्दी वाढली होती, आणि घरी आल्यावर डोळे मिटत होते. म्हातारी रोज विचारायची, "कुठवर आली?" आणि लेक म्हणायची, "पाठ चाललीय." म्हातारी हुं म्हणायची. तिचे हात मांडीवर नुसते पडलेले असायचे, ते मला आतूनही कळायचं. इतकं शांत घर मी कधी ऐकलं नव्हतं. चार दिवसांची गंमत म्हणून तिने मला आत घातलं होतं. तिलाच माझ्यावाचून करमेनासं झालं.

एकदा लेक स्वयंपाकघरात असताना ती गोळ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "अजून लांब आहेस का गं?"

होते मी लांब. पाठ अर्धी झाली आणि म्हातारी पडली. ताप आला, आठवडाभर राहिला, मग ती गेली. शेवटच्या दिवसांत ती सारखी "गोळा, गोळा" म्हणत होती. लेक उशाशी बसून म्हणाली, "हो गं आई, संपवते." पण संपवला नाही.

इथून पुढचं सांगताना माझ्यासारख्या वाचाळ टकळीलाही थांबावं लागतं.

लेकीने गोळा पत्र्याच्या डब्यात ठेवला. पुष्कळ दिवसांनी बाहेर काढला, विणायला लागली. मी मनात म्हटलं, चला, सुटले. एक ओळ, दुसरी ओळ, माझ्यावरची लोकर पातळ होत चालली. उजेडाची एक तिरीप आत आली. आणि तिने सुई काढली आणि विणलेलं सगळं उसवलं. उसवलेली लोकर पुन्हा माझ्या अंगावर गुंडाळली. पुन्हा अंधार.

दर हिवाळ्यात हेच. थोडं विणायचं, गोळा लहान वाटायला लागला की उसवायचं. स्टँडवर तिच्या शेजारी पावत्यांवर शिक्के मारणारी बाई बसायची. ती एकदा म्हणाली, "अगं, ही बंडी तीच ना, दर थंडीतली? माझी नात पाळण्यातून शाळेत गेली, तुझी पाठ काही संपेना."

"संपवायची नाहीये."

"म्हणजे?"

"आईने आत काहीतरी ठेवलंय. गोळा संपला की ते निघणार. आणि ते निघालं की मग तिच्याकडून यायचं काहीच राहिलं नाही ना गं."

शिक्केवालीने शिक्का बाजूला ठेवला. मग म्हणाली, "उलगडून बघ आणि परत गुंडाळून ठेव. कुणाला कळतंय?"

"नको. हाताने उलगडलं की कांदा निघतो."

शिक्केवालीला काही कळलं नाही. मला कळलं. मी आतून जीव तोडून ओरडत होते. अगं बये, आत मी आहे. लोकर संपायची भीती कसली धरतेस, लोकर करणारीच आत बसलीय. पण माझा आवाज तिला कधी ऐकू गेला?

आणि एक सांगते, ते मला सगळ्यात जास्त लागलं. एका संध्याकाळी हाच गोळा मांडीवर घेऊन ती शिक्केवालीला म्हणाली, "आईची टकळी सापडली असती ना, तर शिकले असते कातायला." असं म्हणताना तिचा अंगठा गोळ्यावरून फिरत होता. माझ्यावरून. मधे लोकरीचा दोन बोटं जाड थर.

वर्षं गेली. ती नोकरीतून मोकळी झाली. बोटांचे सांधे सुजायला लागले. आणि डब्यात कसर शिरली. तुमच्याकडे कसर म्हणतात की आणखी काही, लोकर खाणारी ती बारीक अळी. माझ्या चहूबाजूंनी कुरतडण्याचा आवाज यायचा. जो धागा संपू नये म्हणून लेकीने दर हिवाळ्यात बंडी उसवली, तो किड्यांच्या पोटात गेला.

ह्या हिवाळ्यात तिने डबा उघडला, गोळ्याचं टोक ओढलं, आणि ते वीतभर येऊन तुटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तुटलं. मला वाटलं, आता फेकणार. किंवा आता तरी हाताने फाडून बघणार. पण नाही. तिने सुया घेतल्या, एकेक तुकडा पुढच्या तुकड्याला गाठ मारली आणि विणत गेली. सुजलेल्या बोटांनी. ह्या वेळी उसवलं नाही. उसवायला त्या धाग्यात जीवच राहिला नव्हता.

शेवटच्या ओळींना धागा थेट माझ्यावरून सुटायला लागला आणि मी मांडीवर गोल फिरले. इतक्या वर्षांनी फिरले हो. आधी खणाची मूठ दिसली तिला, मग खुर्चीची काडी. सुई तशीच हातात राहिली.

"हरवली म्हणाली होतीस," एवढंच बोलली ती.

मग हसायला लागली. हसता हसता बंडी तोंडाशी धरली आणि मग ते हसणं राहिलं नाही. बंडी गाठीगाठींची झाली, लोकर पुरली नाही म्हणून गळा अर्धवट राहिला. आईच्या मापाची होती. लेकीने घालून बघितली. बसली. ती स्वतःच कधी आईच्या मापाची झाली होती, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने आईची उशी उसवली. आत लोकरच होती, म्हातारीनेच पिंजून भरलेली. त्यातला पुंजका मनगटाला गुंडाळून ती आता रोज कठड्याशी उभी राहते आणि मला खाली सोडते. पीळ द्यायला येतो तिला, हात आईचाच आहे. मी फिरते, फिरते, मग जरा थांबते. आणि ती धरत नाही. बघत राहते. मी उलटी फिरायला लागते, दिलेला पीळ सुटतो, आणि मी ही अशी खाली. आता खाली मास्तरांचं डोकंही नाही टेकायला.

मग ती येते, तीन मजले उतरून. मला पदराने पुसते आणि पुन्हा चढायला लागते. उशीतली लोकर थोडी उरलीय. गुडघे त्याहून थोडे.

आलीच बघा. वळणावरचा दिवा लागला. राखाडी बंडी घातलेली, तीच.

तुम्हाला एक विनवणी आहे. मला उचलून देऊ नका, ते तिचं तिला करू द्या. फक्त ती वाकली की एवढं सांगा, थांबली की धर. माझं तिला ऐकू येत नाही हो, तुमचं येईल. कुणी सांगितलं म्हणून विचारलंन तर म्हणा, तुमचं काहीतरी राहिलं होतं आमच्याकडे, तेच परत करायला आलो.